‘मेक क्लीन’ मारण्याआधी

बिल्ड, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्याचं काम, कुठे अडलं की आमच्या लॅबमधल्या पोरांचा हात आपोआप ‘मेक क्लीन’कडे जातो. काहीतरी बिघडलंय, काय ते कळत नाही, मग सगळं पुसा आणि पहिल्यापासून सुरू करा. लहानशा प्रोग्रॅमला हे चालून जातं. लिनक्स कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, नाही. लॅबमधली मशीनं जुनी आय-थ्री, रॅम आठ जीबी. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या डिस्ट्रोंच्या तयार कॉन्फिगवर (कर्नलमध्ये काय घ्यायचं, काय नाही याची यादी) पूर्ण कर्नल बिल्डला लावला तर प्रॅक्टिकलची वेळ संपते, पोरं एसटी पकडून घरी पोचतात आणि इकडे सीपीयूचा पंखा घोंघावतच असतो.

मी साताऱ्यात डिप्लोमाच्या मुलांना एम्बेडेड शिकवते. दरवर्षी त्याच शंका येतात, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवते. एक गोष्ट पक्की धरून चला: कुठलीही फाइल उगाच पुन्हा कंपाइल होत नाही, म्हणजे मशीनच्या भाषेत पुन्हा उतरवली जात नाही. कारण असतं. ते फालतू असेल, पण असतं, आणि विचारलं तर मशीन सांगतंही. ते विचारायचं कसं आणि फालतू कारणं मुळातच कशी टाळायची, एवढाच विषय आहे.

(कमांड इथं देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

उदाहरणाला सीएच३४१ हा ड्रायव्हर घेऊ. लॅमिंग्टन रोडला मिळणाऱ्या आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या स्वस्त नकलांवर सीएच३४० नावाची यूएसबी-सिरियल चिप असते. लिनक्समध्ये ती याच ड्रायव्हरवर चालते. कर्नलच्या ‘ड्रायव्हर्स/यूएसबी/सिरियल’ फोल्डरमध्ये त्याची एकच सी फाइल आहे, मुलांना एका बैठकीत वाचून होईल एवढी. तिच्यात एक प्रिंटची ओळ घालायची, मॉड्यूल (चालू कर्नलला जोडता येणारा तुकडा) बनवायचं, लोड करायचं, बोर्ड लावायचा आणि ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, आपली ओळ उमटलेली बघायची. पहिल्यांदा ओळ दिसते तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

जाता जाता एक सांगते. उबुंटू २२.०४ वर नॅनो लावला आणि सिरियल पोर्ट दिसलाच नाही, तर ड्रायव्हर उघडून बसू नका. अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी असलेली ‘बीआरएलटीटीवाय’ नावाची सेवा हीच चिप स्वतःची समजून ताब्यात घेते. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ते पॅकेज काढा, पोर्ट दिसू लागेल. जे कंपाइल करायची गरजच नव्हती ते वाचलं, हा सगळ्यात मोठा फायदा.

पहिलं कंपाइल छोटं करा

पहिली फेरी टाळता येत नाही, पण ती किती मोठी असावी हे आपल्या हातात आहे. डिस्ट्रोचं कॉन्फिग जगातल्या झाडून सगळ्या हार्डवेअरसाठी बनवलेलं असतं. त्यात हजारो मॉड्यूल असतात आणि तुमच्या मशीनला त्यातली मूठभर लागतात. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही कमांड सध्या लोड असलेली मॉड्यूलं बघते आणि बाकीची कॉन्फिगमधून बंद करते. स्टीव्हन रोस्टेड यांनी ही सोय कर्नलमध्ये आणली. आमच्यासारख्या लॅबवर त्यांचे उपकारच आहेत.

मात्र कमांड देण्याआधी जे जे लागणार ते सगळं एकदा लावून घ्या: पेनड्राइव्ह, प्रिंटर, मोबाइलचं यूएसबी टेदरिंग, वायफायचा डोंगल आणि आपला नॅनो. जे त्या क्षणी लोड नाही ते कटाप. नंतर पेनड्राइव्ह चालत नाही म्हणून रडत यायचं आणि पुन्हा कॉन्फिग, पुन्हा कंपाइल, हे मी दरवर्षी बघते.

त्याच वेळी ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ उघडून डीबग इन्फोही बंद करून टाका. कर्नल डीबगरमध्ये उघडून बघायचा नसेल तर त्या माहितीचा उपयोग नाही. ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल होऊन निघालेले तुकडे) फुगतात, लिंकिंग (ते तुकडे जोडणं) रेंगाळतं, डिस्क भरते.

मशीनला कारण विचारा

स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्समध्ये ‘मेक’ हे बिल्ड चालवणारं साधन लिहिलं, तेव्हाची त्याची रीत अजून तीच आहे. सोर्स फाइलची तारीख-वेळ ऑब्जेक्ट फाइलपेक्षा नवी असेल तर पुन्हा कंपाइल करायचं. फाइलमध्ये काय बदललं, मुळात काही बदललं की नाही, याच्याशी मेकला देणंघेणं नाही. तो फक्त घड्याळ बघतो.

कर्नलची बिल्ड व्यवस्था, जिला केबिल्ड म्हणतात, ती याच्या एक पाऊल पुढे जाते. प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलच्या शेजारी ती टिंबानं सुरू होणारी एक लपलेली ‘सीएमडी’ फाइल ठेवते. मूळ सी फाइल कोणत्या कमांडनं कंपाइल झाली आणि तिनं कोणकोणती हेडरं (अनेक सी फाइलींना जोडल्या जाणाऱ्या सामायिक फाइली) वाचली, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी तारीख जुनीच असली तरी कमांड वेगळी दिसली की केबिल्ड ती फाइल पुन्हा बनवते.

आता मुद्द्याचं. ‘मेक व्ही=२’ अशी कमांड द्या. नेहमीसारखीच ‘सीसी’नं सुरू होणारी ओळ येईल, पण शेवटी कारण जोडलेलं असेल. ‘ड्यू टू’ आणि पुढे एखाद्या फाइलचं नाव असेल तर ती फाइल नवी झालीय. ‘टार्गेट मिसिंग’ म्हणजे ऑब्जेक्ट फाइलच जागेवर नाही. ‘कमांड लाइन चेंज’ म्हणजे कंपाइलरला दिलेले पर्याय बदललेत. आमच्याकडे दिसणारी बहुतेक कारणं या तिघांत बसतात.

माझा नियम असा आहे की अनपेक्षितपणे पडद्यावरून ‘सीसी’च्या ओळी धावायला लागल्या की कंट्रोल-सी मारायचं आणि व्ही=२ लावून पुन्हा सुरू करायचं. पहिल्या चार ओळींत रोग कळतो. सगळ्या ओळींवर एकाच हेडरचं नाव आलं तर ते हेडर कुणी हलवलं ते शोधा. सगळीकडे ‘कमांड लाइन चेंज’ असेल तर मागच्या वेळी मेकला काय दिलं होतं ते ‘हिस्टरी’मध्ये बघा. मध्येच थांबवल्यानं काही बिघडत नाही. जेवढं बनलंय तेवढं बनलंय, पुढचं तिथून.

कर्नल सोडून दुसरीकडे काम असेल तर साध्या जीएनयू मेकला ‘--ट्रेस’ हा पर्याय द्या (आवृत्ती ४.० पासून आहे), आणि निंजा हे मेकसारखं दुसरं साधन वापरत असाल तर ‘निंजा -एन -डी एक्सप्लेन’. या ‘-एन’मुळे प्रत्यक्ष काही कंपाइल होत नाही, नुसती कारणांची यादी मिळते.

कॉन्फिगमध्ये एक खूण बदलली तर

मुलांचा लाडका समज: मेन्यूकॉन्फिगमध्ये काहीही बदललं की सगळा कर्नल पुन्हा. हे खरं असायला हवं होतं. कारण कॉन्फिगमधले सगळे पर्याय ‘ऑटोकॉन्फ’ नावाच्या एकाच हेडरमध्ये जातात आणि ते हेडर प्रत्येक सी फाइलला न मागता जोडलं जातं. मेकच्या हिशेबानं ते हेडर बदललं की सगळ्या फाइली शिळ्या. म्हणजे एका घरात सुतक, म्हणून अख्ख्या गावानं चूल बंद ठेवायची.

तसं होत नाही याचं श्रेय ‘फिक्सडेप’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमला. तो कर्नलच्याच ‘स्क्रिप्ट्स/बेसिक’ फोल्डरमध्ये आहे आणि बिल्डच्या अगदी सुरुवातीला कंपाइल होतो. प्रत्येक फाइल कंपाइल झाली की तो तिनं वाचलेल्या हेडरांची यादी हातात घेतो, त्यातून ऑटोकॉन्फ खोडतो आणि सोर्स व हेडरांमध्ये ‘कॉन्फिग_’नं सुरू होणारी कोणकोणती नावं आली ते वाचून काढतो. मग त्या प्रत्येक नावासाठी ‘इन्क्लूड/कॉन्फिग’ फोल्डरमधली त्याच नावाची एक रिकामी फाइल यादीत घालतो. तुम्ही कॉन्फिग बदललं की जे पर्याय खरोखर बदलले फक्त त्यांच्याच रिकाम्या फाइलींची तारीख नवी केली जाते. परिणाम असा की ज्या फाइलींत तो पर्याय वापरलाय तेवढ्याच पुन्हा कंपाइल होतात. रिकाम्या फाइली आणि त्यांच्या तारखा, बस. याहून सुबक युक्ती मी बिल्ड व्यवस्थांमध्ये पाहिलेली नाही. मुलांना ते फोल्डर उघडून दाखवा, नुसतं सांगून पटत नाही.

यावरून कोणता पर्याय स्वस्त आणि कोणता महाग याचा अंदाज बांधता येतो. एखादा यूएसबी ड्रायव्हर चालू किंवा बंद करणं स्वस्त, चार-दोन फाइलींचा मामला. लॉकच्या चुका पकडणाऱ्या लॉकडेपसारखा पर्याय महाग, कारण तो लॉकच्या हेडरांत वापरलाय आणि ती हेडरं सगळीकडे पोचलेली आहेत. केसॅन तर त्याहून महाग: मेमरीच्या चुका पकडण्यासाठी तो कंपाइलरचे पर्यायच बदलतो, म्हणजे झाडून सगळ्या फाइलींना ‘कमांड लाइन चेंज’.

म्हणून महागडे पर्याय आज चालू, उद्या बंद असा खेळ एकाच फोल्डरमध्ये करू नका. सोर्स एकच ठेवा आणि बिल्डचे फोल्डर दोन करा: ‘मेक ओ=../बिल्ड-साधा’ आणि ‘मेक ओ=../बिल्ड-केसॅन’. दोघांची कॉन्फिग वेगळी, ऑब्जेक्ट फाइली वेगळ्या. डिस्क जास्त जाते, वेळ वाचतो. एक अट आहे: सोर्सच्या फोल्डरमध्ये आधी कधी थेट कंपाइल केलं असेल तर केबिल्ड कुरकुर करते आणि तिथं एकदा ‘मेक एमआरप्रॉपर’ द्यायला सांगते. ती कमांड कॉन्फिगही पुसते, तेव्हा ‘.कॉन्फिग’ फाइल आधी बाजूला कॉपी करून ठेवा.

एकच कमांड, नेहमी तीच

आज ‘मेक’, उद्या ‘मेक सीसी=क्लँग’ (दुसराच कंपाइलर), परवा कुठल्याशा व्हिडिओत बघून पर्यायांची आणखी एक माळ. प्रत्येक वेळी कमांड बदलली आणि प्रत्येक वेळी सगळं पुन्हा. माझ्या प्रत्येक बिल्ड फोल्डरमध्ये ‘बनव’ नावाची एक ओळीची शेल स्क्रिप्ट असते. मेकला जे काही द्यायचं ते त्यातच. हातानं मेक लिहायचं नाही, आणि मुलांनाही लिहू देत नाही.

कंपाइलर स्वतःच बदलला तरी तेच. जीसीसीच्या आवृत्तीची ओळ, म्हणजे ‘जीसीसी --व्हर्जन’ दिल्यावर वरती दिसते ती, कर्नलच्या कॉन्फिगमध्ये नोंदवलेली असते आणि प्रत्येक फाइल तिच्यावर अवलंबून असते. रात्री मशीननं आपोआप अपडेट घेतले, त्यात जीसीसीचं छोटंसं पॅकेज आलं, की सकाळी पहिल्या मेकला पूर्ण कर्नल. कामाचे आठवडे चालू असताना ‘सुडो एपीटी-मार्क होल्ड’ देऊन जीसीसीचं पॅकेज गोठवा. काम संपलं की ‘अनहोल्ड’. कायमचं गोठवून ठेवू नका.

आणि ‘सुडो मेक’ कधीही नको. कंपाइल आपल्याच नावानं करायचं, सुडो फक्त ‘मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ आणि ‘इन्स्टॉल’साठी. सुडोनं कंपाइल केलं तर ऑब्जेक्ट फाइली रूटच्या नावावर होतात, पुढच्या वेळी ‘परमिशन डिनाइड’ येतं आणि पोरगं काय करतं? ‘सुडो मेक क्लीन’.

फाइलींच्या तारखा

मेक घड्याळावर चालतो म्हटल्यावर, फाइलीला नुसता धक्का लागला तरी ती त्याच्या लेखी नवी होते. हे धक्के कुठून कुठून बसतात बघा.

विम या एडिटरमध्ये ‘:डब्ल्यूक्यू’ मारलं की काही बदललेलं नसलं तरी फाइल पुन्हा लिहिली जाते. ‘:एक्स’ मारा. तो बदल झाला असेल तरच लिहितो. एखादं हेडर नुसतं वाचायला उघडलं आणि सवयीनं ‘:डब्ल्यूक्यू’ केलं, एवढ्यानं अर्धा कर्नल पुन्हा लागू शकतो. वाचायचंच असेल तर विमऐवजी ‘व्ह्यू’नं उघडा.

‘सेड -आय’ त्याहून वाईट. फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींवर एखादं नाव बदलायला तो चालवला, तर ज्यांत ते नाव नव्हतंच त्या फाइलीही तो नव्यानं लिहितो. आधी ‘ग्रेप -आरएल’नं ज्यांत शब्द आहे त्यांचीच यादी काढा आणि ‘एक्सआर्ग्स’नं तेवढ्याच सेडला द्या.

बिल्डचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवताना ‘सीपी -आर’ नको, ‘सीपी -ए’ द्या. पहिला सगळ्या फाइलींना कॉपी केल्याची वेळ लावतो, मग कोण आधी आणि कोण नंतर याला काही अर्थच उरत नाही. दुसरा मूळ तारखा जपतो. पेनड्राइव्हवरून नेणार असाल तर टारचं गाठोडं करून न्या, कारण फॅट फाइलसिस्टीम बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदवते आणि शेजारच्या दोन फाइलींमधलं आधी-नंतर पुसलं जातं.

शेवटचं, घड्याळच चुकीचं. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर स्वतःचं चालू राहणारं घड्याळ नाही. नेट नसताना चालू केलं की वेळ मागची. जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्डवरचा सेल संपला तरी तीच गत. अशा वेळी फाइली भविष्यातल्या दिसतात, मेक ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ अशी तक्रार करतो आणि त्याच त्या फाइली पुन्हा पुन्हा कंपाइल करत राहतो. ही तक्रार दिसली की आधी ‘डेट’ बघा. सेल बाजारात किरकोळ पैशांत मिळतो.

गिट

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, फाइलींच्या तारखा साठवत नाही. ब्रांच (कामाची वेगळी शाखा) बदलली की दोन ब्रांचमध्ये ज्या फाइली वेगळ्या आहेत तेवढ्या नव्यानं लिहिल्या जातात आणि त्यांना आत्ताची वेळ लागते. परत मूळ ब्रांचवर आलात तर त्याच फाइली पुन्हा लिहिल्या जातात, पुन्हा नवी वेळ. मजकूर जसाच्या तसा, पण मेकला सगळं नवं. कर्नलच्या दोन आवृत्त्यांमध्ये उडी मारून आलात तर मूळ हेडरंसुद्धा हललेली असतात, म्हणजे पूर्ण फेरी.

दुसऱ्या आवृत्तीतली फाइल फक्त बघायची असेल तर ब्रांच बदलूच नका. ‘गिट शो’ला आवृत्तीचं नाव, मग अपूर्णविराम, मग फाइलीचा पत्ता दिला की ती पडद्यावर येते. तिथंच काम करायचं असेल तर ‘गिट वर्कट्री ॲड’नं त्या ब्रांचचा वेगळा फोल्डर उघडा. इतिहासाचा साठा एकच राहतो, फक्त उघडलेल्या फाइली दुप्पट होतात. पूर्ण क्लोन पुन्हा उतरवण्यापेक्षा, विशेषतः मोबाइलच्या डेटावर, हे कितीतरी बरं.

बायसेक्ट करताना, म्हणजे दोष कोणत्या बदलानं आला ते जुन्या आवृत्त्या तपासून शोधताना, मात्र सुटका नाही, उड्या माराव्याच लागतात. पण दोष सीएच३४१ मध्येच आहे याची खात्री असेल तर ‘गिट बायसेक्ट स्टार्ट’च्या शेवटी दोन डॅश देऊन त्या फोल्डरचा पत्ता द्या. मग त्या फोल्डरला हात लावणारे कमिटच (गिटमध्ये नोंदवलेले बदल) तपासले जातात आणि उड्या पुष्कळ कमी होतात.

गिटची आणखी एक खोड आहे. ‘लोकलव्हर्जन ऑटो’ हा पर्याय चालू असेल तर कर्नलच्या नावाला कमिटचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांक) जोडला जातो, आणि कमिट न केलेले बदल असतील तर ‘डर्टी’ हे शेपूटही. म्हणजे प्रत्येक कमिटला कर्नलचं नाव बदलतं. मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी बनलंय हे प्रत्येक मॉड्यूलच्या आत लिहिलेलं असतं, तेव्हा नाव बदललं की सगळी मॉड्यूलं पुन्हा जोडावी लागतात. वर आणखी, नव्या नावाचं मॉड्यूल चालू असलेल्या कर्नलमध्ये बऱ्याचदा लोडही होत नाही. काम चालू असेपर्यंत हा पर्याय बंद ठेवा. तो बंद केल्यावर नावाला ‘+’ चिकटतो. तोही नको असेल तर मेकला ‘लोकलव्हर्जन=’ असं रिकामं द्या, आपल्या ‘बनव’ स्क्रिप्टमध्येच.

हेडरला हात शेवटी

एका सी फाइलीत बदल केला तर एक फाइल. ‘लिनक्स/शेड’ या हेडरमध्ये एक ओळ घातली तर जवळजवळ सगळा कर्नल. हेडरांचं हे जाळं इतकं गुंतलेलं आहे की कर्नल डेव्हलपर इंगो मोलनार यांनी जानेवारी २०२२ मध्ये ते सोडवण्यासाठी २,२०० हून जास्त कमिटांची मालिका मांडली होती.

आपण एवढं करू शकतो: प्रयोग चालू असेपर्यंत नवीन स्ट्रक्चर, नवीन मॅक्रो आपल्या सी फाइलीच्या डोक्यावरच ठेवायचे. सगळं जमलं की मग हेडरमध्ये हलवायचं, एकदाच.

आणि सी फाइलीतच बदल असेल तर पूर्ण ‘मेक’ कशाला? ‘मेक एम=ड्रायव्हर्स/यूएसबी/सिरियल’ दिलं की तेवढाच फोल्डर बघितला जातो. पूर्ण मेक काहीही बदललेलं नसलं तरी सगळ्या झाडातून फिरून येतो, जुन्या हार्डडिस्कवर तेही जाणवतं. मॉड्यूल तयार झालं की ‘आरएममॉड’नं जुनं काढा, ‘इन्समॉड’नं नवं घाला, बोर्ड काढून लावा, डीमेसेज बघा. मशीन रीबूट करायचीही गरज नाही. फक्त, हेडर बदललं असेल तर हा शॉर्टकट नको. बाकीचा कर्नल जुन्या हेडरवर आणि तुमचं मॉड्यूल नव्यावर, अशी जोडी जमवली तर मशीन कुठं गोठेल सांगता येत नाही.

सी-कॅश

वरचं सगळं पाळूनही काही वेळा तेच कंपाइल पुन्हा करावं लागतंच: बायसेक्ट, ब्रांचची ये-जा, कुणीतरी मारलेलं मेक क्लीन. त्यासाठी सी-कॅश. सांबा आणि आरसिंक या फाइली वाटून घेण्याच्या-पाठवण्याच्या साधनांमागचे अँड्र्यू ट्रिजेल यांनी ते सुरू केलं. ते तारीख बघत नाही, मजकूर बघतं. सोर्स, हेडरं, कंपाइलर आणि पर्याय यांचा हॅश काढतं आणि हेच आधी कंपाइल झालेलं असेल तर साठवलेली ऑब्जेक्ट फाइल उचलून देतं.

बसवण्याची पद्धत महत्त्वाची आहे. बहुतेक ठिकाणी मेकला ‘सीसी="सी-कॅश जीसीसी"’ द्या असं सांगतात. चालतं, पण एखाद्या दिवशी ते द्यायला विसरलात तर कमांड बदलली आणि केबिल्ड सगळ्या फाइली शिळ्या ठरवणार. डेबियन-उबुंटूवर ‘/यूएसआर/लिब/सीकॅश’ या फोल्डरमध्ये जीसीसीच्याच नावानं सी-कॅशकडे नेणारे दुवे असतात. तो फोल्डर ‘पाथ’च्या सुरुवातीला घाला. मेकला कमांड ‘जीसीसी’च दिसते, सी-कॅश चालू असो वा बंद.

साठ्याची मर्यादा मुळात पाच जीबी असते. दोन-तीन कॉन्फिगचे कर्नल त्यात एकमेकांना ढकलून बाहेर काढतात. ‘सीकॅश -एम २०जी’ देऊन वाढवा. ‘सीकॅश -झेड’नं आकडे शून्य करा, एकदा बिल्ड करा आणि ‘सीकॅश -एस’ बघा. हिट कमी दिसले तर कारण शोधा. वर्कट्रीच्या वेगवेगळ्या फोल्डरांमुळे पत्ते जुळत नसतील तर ‘बेसडिर’ ही सेटिंग लावावी लागते, आणि डीबग इन्फो चालू असेल तर ‘हॅशडिर’ बंद करावी लागते.

एक बारकावा. हेडरमधल्या कॉमेंटमध्ये एखादं अक्षर सुधारलं तर सी-कॅश बऱ्याचदा वाचवतं, कारण प्रीप्रोसेसरमधून (कंपाइलच्या आधी हेडरं जोडणारी पायरी) गेल्यावर कॉमेंट उरतच नाही. पण कॉमेंटची एक ओळ वाढवली तर पुढच्या सगळ्या ओळींचे क्रमांक सरकतात, हॅश बदलतो आणि कंपाइल होतंच. लिंकिंग मात्र ते साठवत नाही. शेवटी कर्नलची मोठी फाइल जोडायला जो वेळ लागतो तो लागणारच.

वीज गेल्यावर

उन्हाळ्यात हे ठरलेलं. डेस्कटॉपवर बिल्ड चालू, वीज गेली, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. परत आल्यावर मेक दिला की कधी कधी लिंकरची विचित्र चूक येते: फाइल ओळखता येत नाही. डिस्कवर फाइलीचं नाव आणि तारीख पोचली, आतला मजकूर पोचायच्या आत वीज गेली. तारीख नवी म्हणून मेक तिला ताजी समजतो, पण आकार शून्य.

यासाठीही सगळं पुसायचं नाही. ‘फाइंड’ला नाव ‘*.ओ’, आकार शून्य आणि शेवटी ‘-डिलीट’ द्या. आधी ‘-डिलीट’शिवाय चालवून यादी डोळ्यांखालून घाला. तेवढ्याच फाइली ‘टार्गेट मिसिंग’ म्हणून पुन्हा बनतील. एखाद्याच फाइलीवर संशय असेल तर नुसती तिची ऑब्जेक्ट फाइल ‘आरएम’ करा.

पॅकेज बनवणाऱ्यांसाठीही एक: ‘डीपीकेजी-बिल्डपॅकेज’ सुरुवातीलाच स्वतःहून क्लीन करतो. पॅकेजिंगची एखादी फाइल दुरुस्त करून पुन्हा चालवताना ‘-एनसी’ द्या.

इतकं करूनही मेक क्लीन लागलाच तर निदान कोणता ते बघून मारा. ‘क्लीन’ ऑब्जेक्ट फाइली पुसतो, कॉन्फिग ठेवतो. ‘एमआरप्रॉपर’ कॉन्फिगही पुसतो. ‘डिस्टक्लीन’ त्यावर एडिटरच्या बॅकअप फाइली आणि पॅचची उरलीसुरली फाइल हेही साफ करतो. आणि हे वाचायच्या आतच एमआरप्रॉपर मारून बसला असाल, तर ज्या कर्नलवर मशीन आत्ता चालू आहे त्याचं कॉन्फिग ‘/बूट’ फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग-’ आणि पुढे कर्नलचं नाव अशा फाइलीत मिळेल. ती सोर्समध्ये ‘.कॉन्फिग’ नावानं कॉपी करा आणि ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ द्या. तुमचाच बनवलेला कर्नल चालू असेल तर लोकलमॉडकॉन्फिगची छाटणी त्यात आधीच झालेली असते. डिस्ट्रोचा चालू असेल तर पेनड्राइव्ह, प्रिंटर, नॅनो सगळं पुन्हा लावून घ्या आणि लोकलमॉडकॉन्फिग पुन्हा द्या.